सत्त्याऐंशीपट लहान अरण्याची मोहीम

प्रथम वंदन रुळांस, मग रुळांवरून धावणाऱ्या अग्निरथांस, आणि त्यांची वाट पाहत कडेला तिष्ठणाऱ्या लहानथोर सर्वांस. हार्ट्झ पर्वताच्या कुशीत, मौजे स्टाइनरोडे येथे, लघुलोहमार्ग मंडळाच्या राज्यात एक डोंगर उजाड जाहला होता तो वृक्षांनी कैसा आच्छादिला, त्यापायी कोण रण माजले, कोणाची कॉफी हिरवी जाहली आणि अखेर यश कोणाचे पदरी पडले, हे मुलालेकरांस कळावे आणि पुढे कोणी विचारिल्यास सांगता यावे, सबब जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले असेल तर ते मिठापुरतेच.

तर ते राज्य स्टेशनाच्या जुन्या मालगोदामात, एका लांबलचक मेजावर, खेळण्यातल्या रुळांभोवती वसलेले. खऱ्या जगातली हर एक वस्तू तेथे सत्त्याऐंशीपट लहान. माणूस करंगळीच्या पेराएवढा, चर्च पाण्याच्या सुरईएवढे, आणि खाटकाच्या दुकानी टांगलेले सॉसेज पाहावयास चष्मा पुसून घ्यावा लागे. या राज्याचे अधिपती, सिग्नलकुलभूषण, लालहिरव्या दिव्यांचे आजन्म पालनकर्ते, श्रीमंत कोनराड ओबरलेंडरसाहेब. त्यांनी सारी हयात खऱ्या रेल्वेत सिग्नल तपासण्यात घालविली आणि निवृत्त होताच हे राज्य हाती घेतले. राज्याचा कायदा एकच: माप म्हणजे माप. एके साली कोण्या उत्साही सरदाराने कुरणात गाय आणून उभी केली. साहेबांनी पोलादी पट्टी लाविली, तों गाय शिंगांपाशी केसभर मोठी निघाली. तत्क्षणी तिजला खणात कैद केले, आणि ती बापडी अद्याप तेथेच आहे.

आणखी एक दस्तूर त्या दरबारी चालत आला होता. जो ज्या मुलखाची उभारणी करील त्याचे नाव त्या मुलखास द्यावे, आणि तेथून धावणारी पहिली गाडी त्यानेच आपल्या हाते चालवावी. येणेप्रमाणे ओबरलेंडर-यार्ड जाहले. हार्टमूट पोल नामे उपाध्यक्ष, जिभेचे तिखट आणि हाताचे बारीक, त्यांनी दगडी कमानींचा पूल बांधिला तो पोल-पूल जाहला. आणि ज्यांची ही कथा, त्या वालबुर्गाबाई हेन्ट्शेल, मंडळात कैक वर्षे वर्गणीदार, तयांचे नावे त्या राज्यात गवताची काडीदेखील नव्हती. बाईंनी चाळीस वर्षे गावात केशकर्तनालय चालविले, अर्ध्या स्टाइनरोडेची डोकी त्यांच्या हाताखालून गेली. परंतु दरबारी त्यांचा अंमल कॉफीच्या किटलीवर आणि केकच्या सुरीवर, इतकाच. बाईंस एकदा, फक्त एकदा, आपल्या नावच्या मुलखातून आपल्या हाते गाडी काढावयाची होती. हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते, पण केक कापताना त्यांची नजर नेहमी गाडी चालविण्याच्या बटणाकडे जाई.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, श्रावणमासी ऐसे वर्तमान जाहले की मेजावरच्या स्टेशनापुढील, रूळ ज्यातून जात त्या मोठ्या डोंगरावरची झाडे झडली. ती पूर्वी वाळल्या शेवाळाची केलेली होती. जुनी होऊन त्यांचा भुगा जाहला, आणि गाडी निघे ती धुळीचा लोट उडवीत निघे. दरबार भरला, आलुबुखाऱ्याचा केक ताटल्यांत पडला, आणि सारे सरदार चिंताक्रांत मुद्रेने डोंगर न्याहाळू लागले.

“टक्कल पडलंय त्याला,” वालबुर्गाबाई म्हणाल्या.

“मग विग बसवा, बाई,” पोलराव तोंडातल्या घासासह म्हणाले. “तुमच्या दुकानात उरला असेल एखादा.”

“तुम्ही नेला होतात तोच शेवटचा होता, पोल.”

यावर दरबारात ऐसा हशा उसळला की केकवरची साय ओबरलेंडरसाहेबांच्या कोटावर आली. साहेबांनी ती गंभीरपणे पुसली, बाईंकडे पाहिले, आणि फर्मान सुटले. ते ऐसे की, या डोंगराचे वनरोपण फ्राऊ, म्हणजे श्रीमती, हेन्ट्शेल यांचे हवाली केले आहे. अॅडव्हेंटच्या पहिल्या शनिवारी, म्हणजे नाताळास चार आठवडे असता, मंडळाचे दरवाजे गावास खुले होतात, तत्पूर्वी अरण्य उभे राहावे. झाडे सुईसारख्या पानांच्या स्प्रूसची असावीत, जैसी खऱ्या डोंगरावर असतात तैसी. मापात तसूभरही अधिकउणे होऊ नये. अरण्य मंजूर जाहल्यास त्यास बाईंचे नाव मिळेल, नामंजूर जाहल्यास पोलरावांनी बाजारची डब्यातली तयार झाडे आणून लावावी. पोलरावांनी त्याच क्षणी त्या झाडांचे चित्रमय पुस्तक खिशातून काढून दाखविले. वीतभर उंच, एकास एक जुळी, जणू शाळेच्या रांगेत उभी.

मग बाईंनी मोहीम आरंभिली. पहिले काम मुलूखपाहणी. गावच्या खऱ्या स्टेशनामागे जुनी स्प्रूसची झाडे उभी होती, त्यांची उंची घेणे जरूर. झाडावर न चढता ती कैसी घ्यावी, हे ज्यांस ठाऊक नसेल त्यांनी ऐकावे. आपल्या हाताएवढ्या लांबीची काठी घ्यावी, हात सरळ पुढे करून ती मुठीत उभी धरावी, झाडाचा बुंधा मुठीच्या रेषेत ठेवावा, आणि एक डोळा मिटून मागे मागे सरकत जावे. काठीचे टोक आणि झाडाचा शेंडा जेथे जुळेल तेथे थांबावे. तेथून झाड जितके दूर, तितकेच ते उंच. विद्या सोपी आहे, परंतु तीत एक कलम राहून जाते, की मागे काय आहे ते आधी पाहून ठेवावे. बाई एक डोळा मिटून पावलामागून पाऊल मागे सरत गेल्या, शेंडा जुळत आला, आणखी एक पाऊल, आणि बाईसाहेब ओढ्यात दाखल जाहल्या.

काठावर बाईंचे यजमान गिस्बर्ट मोजपट्टी धरून उभे होते. स्वभावाने शांत, मोठ्याने हसल्यास काय होते हे जाणणारे.

“लागलं का गं?”

“जुळलं!” बाई कंबरभर पाण्यातून काठी उंचावून ओरडल्या. “इथंच जुळलं! हसतोस काय, पट्टी लाव!”

पट्टी लाविली, पस्तीस मीटर भरले. मग घरी येऊन, पाय ऊन पाण्यात सोडून, बाईंनी सत्त्याऐंशीने भागिले, तों चाळीस सेंटिमीटर आले. गिस्बर्ट म्हणाले की काहीतरी चुकले असेल, पोलच्या पुस्तकातली झाडे तर वीतभरच आहेत. पुन्हा भागिले, पुन्हा चाळीस. बाई म्हणाल्या, “माप म्हणजे माप,” आणि विषय मिटला. वास्तविक साऱ्या जगातील लघुलोहमार्गवाले झाडे गुपचूप निम्म्याने बुटकी करितात आणि त्याविषयी बोलत नाहीत. ही गोष्ट बाईंस ठाऊक नव्हती, आणि ओबरलेंडरसाहेबांनी आजवर घर, पूल, गाय सर्व मोजिले, परंतु झाड मोजावे हे त्यांसही कधी सुचले नव्हते.

मग स्वयंपाकघराचा कारखाना जाहला. जुन्या केबलची तार सोलून आणिली, घायपाताची दोरी उलगडून तिचे तंतू कापिले, तारेच्या दोन पदरांत ते तंतू अंथरिले, एक टोक चिमट्यात दिले, दुसरे भोके पाडण्याच्या यंत्रात दिले, आणि कळ दाबिली. तार गरगर पिळली, तंतू चहूंकडे ताठ उभे राहिले, काही तंतू सूपमध्ये गेले, काही गिस्बर्टांच्या मिशीत गेले, आणि पहिले झाड जन्मास आले. बाईंनी ते कौतुकाने सिंकपाशी उभे केले आणि क्षणभर बाहेर गेल्या. परत येऊन पाहतात तों गिस्बर्ट त्या झाडाने थर्मास घासत आहेत.

“अरे, काय करतोयस हे!”

“ब्रश छान आहे,” गिस्बर्ट म्हणाले. “तळापर्यंत पोचतो.”

बाईंनी हातातून झाड ओढून घेतले, रागाने पाहिले, मग बराच वेळ पाहिले, आणि खुर्चीवर बसल्या. कारण गिस्बर्टांचे काही चुकले नव्हते. तो ब्रशच होता. चहूंकडून सारखा, गोल, निर्दोष. आणि इथेच या विद्येचे मर्म आहे. बाई उठल्या, खऱ्या झाडांखाली जाऊन उभ्या राहिल्या, आणि दुपारभर नुसत्या पाहत राहिल्या. तों दिसले की खालच्या फांद्या थकून वाकल्या आहेत, वरच्या उमेदीने वर उचलल्या आहेत. वाऱ्याच्या बाजूस झाड विरळ आहे, आडोशाच्या बाजूस दाट. अरण्याच्या आत उजेड पोचत नाही म्हणून खालचा बुंधा उघडाच, आणि त्यावर मेलेल्या फांद्यांची थोटके. एकाचा शेंडा वादळाने मोडला होता आणि शेजारची फांदी शेंड्याची जागा घ्यावयास निघाली होती.

“डोकीच आहेत ही,” बाई स्वतःशीच म्हणाल्या. “कुणाचा भांग डावीकडे, कुणाला पुढून कमी.”

तेथून मोहिमेस रंग चढला. केस विरळ करावयाची दातेरी कात्री बाहेर आली, आणि बाई एकेका झाडास, गिऱ्हाइकास खुर्चीत बसवावे तैसे, बसवून कातरू लागल्या, आणि सवयीने त्याच्याशी बोलू लागल्या, की मागून किती घेऊ, सुट्टीला कुठं जाणार. कोणास कुबड दिले, कोणास मोडका शेंडा दिला. बुंध्यास गोंद लावून सालीचा भुगा चढविला. मग केस बसविण्याच्या फवाऱ्याचे डबे उघडले, फांद्यांवर फवारा मारावा आणि तो ओला आहे तों हिरवा चुरा भुरभुरावा, की पाने बसली. चुरा करावयाचा तो स्पंज हिरवा रंगवून, वाळवून, दळून. बाईंचे स्वतःचे दळणयंत्र दुसऱ्याच दिवशी धूर सोडून धारातीर्थी पडले. मग त्यांनी मंडळाचे कॉफी दळावयाचे यंत्र मोहिमेवर घेतले, काम झाल्यावर ते धुतले, पुसले, आणि आपल्या मते स्वच्छ करून जागी ठेविले.

गुरुवारी दरबार भरला. कॉफी ओतली. ओबरलेंडरसाहेबांनी घोट घेतला, थांबले, पेला उजेडाकडे नेला.

“फ्राऊ हेन्ट्शेल, हे काय तरंगतंय?”

बाईंनी वाकून पाहिले. “पानं आहेत, ओबरलेंडर साहेब. पण मापाप्रमाणे दळलेली.”

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि उरलेली कॉफी पिऊन टाकिली. पोलरावांनी आपली खिडकीतल्या कुंडीस अर्पण केली.

ऐसे करता भाद्रपद सरला, आश्विन सरला, आणि कार्तिक वद्यात, उद्या दरवाजे उघडणार अशा शुक्रवारी दुपारी, बाईंनी डोंगरावरची चादर ओढिली. डोंगर नव्हता. अरण्य होते. काळेहिरवे, वाकलेले, दाट, आणि ऐसे खरे की कोणा सरदाराने नकळत कॉलर वर केली. परंतु स्टेशन नव्हते. यार्डाची वरची बाजू नव्हती. रूळ शेंड्यांच्या खाली कोठेतरी गडप जाहले होते.

“स्टेशन कुठं गेलं?” पोलराव म्हणाले. “घड्याळ कुठंय? बाई, लोक गाडी बघायला येतात. तुम्ही झाडू उभे केलेत झाडू!”

“झाडू तुमच्या डब्यात मिळतात. ही झाडं आहेत.”

“अर्ध्यावर कापा. आत्ता. करवत आणतो मी.”

“हात तर लावून बघा!”

ओबरलेंडरसाहेबांनी हात वर केला. मग साहेबांनी पोलादी पट्टी काढिली, एका झाडास लाविली, मान हलविली, दुसऱ्यास लाविली, तिसऱ्यास लाविली, आणि चेहरा उतरत गेला. कारण माप चोख होते. त्यांच्याच कायद्याने त्यांचेच स्टेशन गिळले होते. झाडे ठेवावी तर गाडी जाते, झाडे कापावी तर कायदा जातो, आणि कायदा गेला तर खणातल्या गायीस काय तोंड दाखवावे? अखेर साहेबांनी निवाडा दिला तो ऐसा की, अरण्य उद्या दुपारपर्यंत उभे राहील. पहिली गाडी दस्तुराप्रमाणे फ्राऊ हेन्ट्शेल काढतील. लोकांस गाडी दिसत नाही ऐसे ठरल्यास दुपारी बारास करवत चालेल, आणि अर्ध्यावर कापलेल्या अरण्यास कोणाचेही नाव राहणार नाही.

घरी गिस्बर्टांनी वाटाण्याचे सूप केले, पुढे ठेविले, आणि म्हणाले, “मला तर ते अरण्यच वाटलं गं. थर्मास घासावासा वाटला नाही एकदाही.” तेव्हा बाई हसल्या आणि सूप प्यायल्या.

शनिवार, कार्तिक वद्य चतुर्दशी. सकाळी दरवाजे उघडण्यापूर्वी बाई एकट्याच आत गेल्या, आणि गिऱ्हाइकास निरोप देण्याआधी अखेरचा हात फिरवावा त्या सवयीने त्यांनी साऱ्या अरण्यावर एक शेवटचा दणदणीत फवारा मारिला. झाडे तकतकीत जाहली. दरवाजे उघडले, वाफल नामे जाळीदार गोड धिरडी भाजण्याचा सुवास सुटला, आणि पोरांची फौज कोटटोप्यांसह आत घुसली. दर साली ही फौज मेजापाशी यावी, गाडीचे दोन फेरे पाहावे, आणि वाफलांकडे कूच करावे, हा शिरस्ता. पोलराव करवत घेऊन भिंतीपाशी उभे होते.

बाईंनी बटणावर हात ठेविला. त्यांनी कळ फिरविली, आणि लहानगे काळे इंजिन सहा डबे घेऊन यार्डातून निघाले, पोल-पूल ओलांडिला, शिट्टी दिली, आणि अरण्यात शिरले.

आणि बाहेर आले नाही.

सारे दुसऱ्या टोकाकडे पाहत राहिले. बाईंनी कळ आणखी फिरविली. काही नाही. बाईंच्या मनी लख्ख उजेड पडला. फवारा! तो झाडांवरून खाली रुळांवर बसला, रुळांवर पातळ कवच चढले, आणि रुळांतली वीज इंजिनाच्या चाकांपर्यंत पोचेना. चाळीस वर्षे जो फवारा कामी आला त्यानेच ऐन रणात दगा दिला.

“संपलं,” पोलराव म्हणाले. “गाडी दिसत नव्हतीच, आता तर नाहीच.”

तोंच मेजाच्या कडेशी, लोकरी टोपी घातलेली एक चिमुरडी ओरडली, “गाडी हरवली! गाडी जंगलात हरवली!”

झाले. वाफलांकडे निघालेली फौज मागे फिरली. कोणी गुडघ्यांवर बसले, कोणी मेजाच्या कडेस नाक टेकविले, कोणी दुसऱ्या बाजूने धावले. मोठी माणसे वरून पाहत होती, त्यांस शेंडे दिसत होते. पोरांची उंची मेजाएवढी, त्यांस बुंधे दिसत होते. उघडे, तिरपे, एकामागे एक, आत आत अंधारत गेलेले.

“मला चाक दिसलं!”

“चाक नाही रे, ते लाकूड आहे!”

“आत लांडगा असेल.”

“लांडगा सत्त्याऐंशीपट छोटा असेल, येडपट!”

“सरक ना, माझ्या डोळ्यापुढं तुझं ढुंगण आलंय!”

गलका ऐसा उठला की वाफल भाजणारी बाई चमचा घेऊन पाहावयास आली आणि पहिला घाणा करपला. आणि मग एक अघटित घडले. ओबरलेंडरसाहेब, जे दोन वर्षे गुडघ्यांच्या दुखण्याने चर्चमध्येही वाकले नव्हते, ते मेजास धरून हळूहळू खाली बसले, आणि पोरांच्या रांगेत गाल कडेस टेकवून आत पाहू लागले.

“साहेब, दिसतंय का काही?” गिस्बर्टांनी विचारिले.

साहेबांस बुंध्यांच्या फटीतून, दूर आत, काळ्या इंजिनाचा एक कोपरा आणि एक दिवा दिसत होता, आणि त्यापलीकडे किती अरण्य उरले आहे ते कळत नव्हते. हे राज्य त्यांनी आजवर वरून पाहिले होते, नकाशा पाहावा तैसे. आत जाऊन पाहिले नव्हते.

“सापडली!” लोकरी टोपी किंचाळली. “तिसऱ्या वाकड्या झाडामागं! दिवा बघा, दिवा!”

सारी फौज आरोळी देती जाहली. बाईंनी काठीस फडके गुंडाळिले, ते स्पिरिटात बुडविले, बुंध्यांमधून अलगद आत सारून रूळ पुसले, आणि कळ फिरविली. इंजिनाने एक आचका दिला, मग दुसरा, आणि सहाही डब्यांनिशी ते दुसऱ्या टोकाने उजेडात आले. टाळ्या ऐशा कडाडल्या की मेजावरच्या चर्चच्या मनोऱ्यावरचा वारा दाखविणारा कोंबडा पडला. पोरे नाचली, ओरडली, आणि मग लोकरी टोपी वालबुर्गाबाईंची बाही ओढून म्हणाली,

“आजी, पुन्हा हरवा ना!”

“पुन्हा! पुन्हा हरवा!” फौजेने एका सुराने मागणी केली.

बारा वाजले ते कोणी ऐकिलेच नाहीत. पोलरावांचा शोध घेतला, तों करवत खुर्चीवर आणि स्वतः राव मेजाखालून पलीकडे जाऊन, पालथे पडून, एका पोरास सांगत आहेत की पुलाच्या बाजूने पाहिल्यास गाडी आधी दिसते, पूल आपणच बांधिला आहे. बाईंनी वरून विचारिले,

“पोल, करवत आणू का तुमची?”

“गप्प बसा हो बाई,” मेजाखालून आवाज आला. “गाडी येतेय.”

ओबरलेंडरसाहेबांस उठता येईना. दोघांनी काखेत हात घातले, तेव्हा साहेबांनी खुणेने त्यांस थांबविले आणि जमिनीवर बसूनच फर्मान सोडिले. ते येणेप्रमाणे. हे अरण्य आजपासून हेन्ट्शेल-अरण्य म्हणून ओळखले जाईल. यातील एकाही झाडाचा शेंडा कोणी खुडू नये. मोठ्या माणसांनी ते पाहावयाचे तर खाली बसून पाहावे, त्यांसाठी उशांची तजवीज मंडळाने करावी, आणि उठवावयास दोन माणसे तैनात असावीत.

मग साहेबांनी मंडळाचे वेळापत्रक मागविले. खऱ्या रेल्वेत त्यांनी चाळीस वर्षांत एका मिनिटाचा उशीर कोणास माफ केला नव्हता, आणि या राज्यातही गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावत. साहेबांनी पेन्सिल घेतली, दोन्ही बाजूंस पोरे दाटून बसली होती, आणि त्या अरण्यातून जाणाऱ्या गाडीपुढे, पोहोचण्याच्या वेळेच्या रकान्यात, जुनी वेळ खोडून स्वच्छ अक्षरांत लिहिले:

सापडल्यावर.

येणेप्रमाणे फत्ते जाहली.